अभय द्यायचं म्हणजे नेमकं काय?



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक १ ते ३. सोबत ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातलं अहिंसेचं निरूपण.

सोळावा अध्याय एका यादीने सुरू होतो. दैवी संपत्ती म्हणजे काय, हे भगवंत अर्जुनाला सांगतात आणि एकामागून एक सव्वीस गुण मोजतात. त्यात दान आहे, तप आहे, अहिंसा, सत्य, भूतदया सगळं आहे. पण हे सगळे नंतर. पहिला मान अभयाला.

हे श्लोक मी कॉलेजपासून वाचतोय. आणि इतकी वर्षं अभयाचा मी एकच अर्थ धरून बसलो होतो: मला भीती वाटता कामा नये. परीक्षेची नको, नोकरी जाण्याची नको, आजारपणाची नको. अभय म्हणजे माझं धैर्य. मग गेल्या आषाढात भुरी घरी आली आणि या शब्दाला दुसरीही बाजू आहे हे कळलं. मी कुणाला घाबरत नाही, हे अर्धंच झालं. मला कोण घाबरतं, हा उरलेला अर्धा प्रश्न.

संन्यास घेताना एक अभयदानाचा विधी असतो, हे तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. घर सोडणारा माणूस सगळ्या प्राणिमात्रांना वचन देतो, की यापुढे माझ्यापासून तुम्हाला भय नाही. आपण काही संन्यासी नाही. पण दोन खोल्यांच्या घरात, एका जिवाला तरी हे वचन देता येईल का? आणि द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आज एवढाच प्रश्न घेऊन बसूया.

पलंगाखालची पाहुणी

भुरी गावठी कुत्री. मातकट रंगाची, म्हणून भुरी. एका अर्धवट राहिलेल्या बांधकामावर तिला साखळीने बांधून ठेवलेलं होतं. काम थांबलं, माणसं निघून गेली, साखळी तशीच राहिली. पावसाचं पाणी चढायला लागलं तेव्हा माझ्या एका मित्राने तिला सोडवलं. नालासोपाऱ्यात पाणी कसं भरतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. जुलै २०१८ मध्ये रुळांवर इतकं पाणी होतं, की गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या होत्या. मित्राकडे जागा नव्हती. "चार दिवस ठेव," म्हणाला. मी ठेवून घेतली. खरं सांगायचं तर थोड्या अभिमानानेच. भूतदया चालत दारात आली होती ना!

ती आल्या आल्या पलंगाखाली शिरली आणि भिंतीला चिकटून बसली, ती बसलीच. शेपूट पोटाखाली, कान मागे, नजर तिरकी, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय. मधूनच जांभई द्यायची, ओठ चाटायची. मला वाटलं, झोप आली असेल, भूक लागली असेल. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, की कुत्र्याचं असं जांभया देणं, ओठ चाटणं ही बऱ्याचदा ताणाची खूण असते. ती मला सांगत होती, "लांब राहा." मी ऐकत होतो, "जवळ ये."

नामदेव महाराजांची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. कुत्रा भाकरी घेऊन पळाला आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, की देवा, कोरडी भाकरी कशी खाशील? लहानपणापासून माझी ही आवडती गोष्ट. तर तिसऱ्या दिवशी मी काय केलं असेल? पोळीला तूप लावलं आणि पलंगाखाली शिरलो. ती मागे सरकली, मी पुढे सरकलो. तिच्या मागे भिंत होती, आणखी मागे जायला जागाच नव्हती. भीतीने तिथेच तिला लघवी झाली. मला ते दिसलं, तरी मी हात पुढे नेला. मनात एकच, एकदा तरी माझ्या हातून खाऊ दे.

चावली. दोन दात लागले.

जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुतली, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन इंजेक्शनं सुरू केली. (हे इथे मुद्दाम लिहितोय. कुत्रा ओळखीचा असो, पिल्लू असो, दात लागला की हे करायचंच. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की मग जवळजवळ काहीच हातात राहत नाही.) पण त्या रात्री मला हातापेक्षा दुसरंच काहीतरी दुखत होतं. मी आईला म्हणालो, "एवढं केलं हिच्यासाठी, आणि ही मलाच चावते?"

आई म्हणाली, "तू तूप नेलंस, पण ते नेलंस हातात. आणि तिने आत्तापर्यंत पाहिलेला हात मारणाराच होता."

"एवढं केलं"

मी त्या रात्री "एवढं केलं" या दोन शब्दांवरच अडकलो. एवढं म्हणजे किती? याचा अर्थ मी मोजत होतो. सतराव्या अध्यायात भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. परतफेड करू न शकणाऱ्याला, द्यायला हवं म्हणून दिलेलं ते सात्त्विक. बदल्यात काही मिळावं म्हणून दिलेलं ते राजस. मला भुरीकडून पैसे नको होते, पण परतफेड हवी होती. शेपूट हलवणं हवं होतं. मांडीवर डोकं ठेवणं हवं होतं. आणि हो, एक फोटोही हवा होता. तुपाची पोळी म्हणजे माझं बिल होतं.

नामदेव महाराजांच्या गोष्टीत मी एक गोष्ट कधी बघितलीच नव्हती. तो कुत्रा भाकरी पळवण्याइतका धीट होता. आणि महाराजांना त्याच्याकडून काहीच नको होतं. त्यांना त्याच्यात पांडुरंग दिसत होता. मला माझी दया दिसत होती. धावणं सारखं दिसलं म्हणून भाव सारखा होत नाही.

आईचा नेम

दुसऱ्या दिवसापासून आईने तिच्या पद्धतीने सुरुवात केली. म्हणजे खरं तर तिने नवीन काहीच केलं नाही. रोज संध्याकाळी दिवा लावून ती जमिनीवर बसून हरिपाठ म्हणते. फक्त आता पलंगाकडे पाठ करून बसायला लागली. हळू आवाजात हरिपाठ, मग तिथेच बसून भाजी निवडणं. बाजूला, हाताच्या अंतरावर पोळीचे दोन तुकडे ठेवलेले. मागे वळून बघायचं नाही. हाक मारायची नाही. तुकडे राहिले तर राहिले. रोज तीच वेळ, तीच जागा, तोच आवाज.

पहिले काही दिवस तुकडे सकाळपर्यंत तसेच. मग रात्री कधीतरी नाहीसे व्हायला लागले. मग एकदा हरिपाठ चालू असतानाच पलंगाखालून एक नाक बाहेर आलं. आईने निवडलेल्या मेथीवरून नजर हलवली नाही. मी दारातून बघत होतो. माझाच श्वास अडकला होता. तिसऱ्या आठवड्यात भुरी आईच्या पाठीपासून हातभर अंतरावर येऊन आडवी झाली आणि एक मोठा सुस्कारा सोडला.

सोडवलेली कुत्री सांभाळणारी माणसं एक ढोबळ हिशोब सांगतात: तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. तीन दिवस नुसतं भांबावलेपण, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक समजायला लागतं, तीन महिन्यांनी घर आपलं वाटायला लागतं. हा काही नियम नाही, काहींना वर्षही लागतं. पण यात एक गोष्ट खरी आहे. घाबरलेल्या जिवाला सगळ्यात आधी प्रेम नको असतं. पुढे काय होणार हे आधीच कळणं, हे त्याला हवं असतं. आपण नेमाला कंटाळवाणी गोष्ट समजतो. रोज तोच हरिपाठ, रोज तीच आरती. पण भुरीच्या बाजूने बघा. ज्या घरात रोज दिवेलागणीला तोच आवाज येतो, त्या घरात त्या वेळी काही वाईट होत नाही. नेम म्हणजे तिच्यासाठी पहिलं अभय होतं.

माऊलींनी हे सगळं सांगून ठेवलंय

आता ज्ञानेश्वरी उघडूया. तेराव्या अध्यायात अहिंसेचं निरूपण आहे. माऊली "मारू नका" एवढं सांगून थांबत नाहीत. अहिंसा ज्याच्या अंगी मुरली तो चालतो कसा, बोलतो कसा, बघतो कसा, त्याचे हात काय करतात, हे सगळं ते एकेक करून दाखवतात. त्याचं पाऊल हलकं पडतं, कारण खाली जीव असेल. तो बोलायच्या आधी त्याचा जिव्हाळा पुढे जातो, शब्द मागून येतात. तो कुणाकडे टक लावून बघत नाही, कारण समोरच्या जिवात जे ब्रह्म आहे त्याला नजर बोचेल. आणि त्याचे हात बहुतेक वेळ स्वस्थ असतात. हललेच तर नमस्कारासाठी, अभय देण्यासाठी, पडलेल्याला उचलण्यासाठी.

मी हे किती वेळा वाचलं असेन! काव्य म्हणून वाचलं, वाह म्हटलं, पान उलटलं. भुरी चावल्यावर डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते असं: तिच्या डोळ्यांत बघू नका, समोरून जाऊ नका, बाजूला वळून खाली बसा, आवाज हळू ठेवा, पावलं सावकाश टाका, आणि हात स्वतःजवळ ठेवा. तीच यादी की! माऊलींनी शके १२१२ मध्ये सांगितलेली. नजर बोचते, ही कल्पना नव्हती. कुत्र्याच्या भाषेत रोखून बघणं म्हणजे धमकीच.

याच अंगाने सोळाव्या अध्यायातही माऊली अभयाचा उलगडा करतात. पुरात जो उडीच टाकत नाही त्याला बुडण्याची भीती कुठली, जो पथ्य पाळतो त्याला रोगाची भीती कुठली. आणि मग मिठाचं उदाहरण येतं: पाणी मिठाला बुडवायला येतं, पण मीठच पाणी होऊन जातं, मग बुडवणार कोणाला? वसईच्या मिठागरांच्या बाजूने गेलात तर हे चित्र डोळ्यांसमोर येईल. दुसरेपणा संपला की भय संपलं. हे फार वरचं शिखर आहे. पण त्याची पहिली पायरी आमच्या घरात दिसत होती: निदान दुसरा माझ्यावर चाल करून येत नाही, एवढं तरी समोरच्याला कळू दे.

भुईगावचा दगड

भाद्रपद संपता संपता भुरीला खाली न्यायला लागलो. आधी आठवडाभर नुसतं घराचं दार उघडं ठेवून बसायचो. मग जिन्याचा पहिला टप्पा. तिने पाय रोवले की तिथूनच परत. खाऊ पुढे धरून तिला ओढायचं नाही, उलट तिच्या मागे टाकायचा, म्हणजे खाण्यासाठी तिला माझ्यापासून लांब जाता येतं. हे ऐकून मला आधी हसू आलं होतं. जवळ यायला हवी, तर लांब का पाठवायची? पण लांब जाता येतं हे कळल्यावरच ती स्वतःहून जवळ यायला लागली.

पहाटे पाचला रस्ते रिकामे असतात, तेव्हा आम्ही सोपाऱ्याच्या स्तूपाच्या रस्त्याने जायचो. बुरूड राजाचा कोट म्हणतात तीच जागा. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे उत्खनन केलं. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ मध्ये जवळच्याच भुईगावला नवव्या लेखाचा. या नवव्या लेखात अशोक म्हणतो, की लोक आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात, पण खरं मंगल वेगळंच आहे. मग तो ते मोजतो: नोकरचाकरांशी नीट वागणं, गुरुजनांचा मान, श्रमण-ब्राह्मणांना दान, आणि प्राण्यांच्या बाबतीत संयम.

शब्द बघा. संयम. दया नाही, प्रेम नाही. हे वाचल्यावर मला पलंगाखालचा माझा हात आठवला. माझ्याकडे दया भरपूर होती, संयम अजिबात नव्हता. दया असली की आपल्याला काहीतरी करावंसं वाटतं. संयम असला तर आपलं करणं समोरच्याला झेपतंय का, हे दिसतं. आपल्या गावच्या मातीत हा दगड बावीसशे वर्षांहून अधिक काळ पडून होता आणि मी त्या वाटेने रविवारी समुद्रावर जात होतो.

नाही म्हणायची मोकळीक

मग विचार करता करता मी या ठिकाणी आलो: अभय देणं म्हणजे समोरच्याला 'नाही' म्हणायची मोकळीक देणं. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचं 'हो' म्हणजे भीतीच असते.

याला विज्ञानातही एक आधार आहे, दुर्दैवाने एका क्रूर प्रयोगातून आलेला. १९६७ मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले, जे त्यांना कशानेच थांबवता येत नव्हते. काहींना तसेच झटके, पण त्यांना ते थांबवता येत होते. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका. ज्यांना आधी थांबवता आलं होतं ते उडी मारून सुटले. ज्यांना आलं नव्हतं त्यांच्यातले बरेच जागेवरच पडून राहिले, सुटका समोर असून. जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी लिहिलं, की आमचा आधीचा अर्थ उलटा होता. लाचारी शिकावी लागत नाही, ती सतत मार बसल्यावर आपोआपच येते. शिकावं लागतं ते हे, की आपल्या करण्याने काहीतरी बदलतं.

दोघांनाही झटके सारखेच बसले होते. फरक फक्त एवढाच, की एकाच्या हातात काही होतं. म्हणून भुरीने पाय रोवले की परत फिरणं, हे लाड नव्हते. तिच्या करण्याने काहीतरी बदलतं, हे ती शिकत होती.

स्पर्शाचंही तसंच. स्पर्श वाईट नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास केला, तेव्हा अनोळखी माणसाने रोज नुसतं खायला देण्यापेक्षा रोज कुरवाळलं तर कुत्रे त्याच्यावर जास्त विश्वास टाकतात असं दिसलं. पण कुरवाळताना थांबून विचारायला हवं. मी तीन सेकंद मानेजवळ खाजवतो आणि हात काढून घेतो. ती सरकून आली तर पुन्हा. नाही आली तर तिची मर्जी.

इथे एक शंका येईल, आणि ती मलाही आली. सगळंच तिच्या मर्जीवर सोडायचं? मग लस कशी टोचायची? जखम कशी धुवायची? खरं आहे. डॉक्टरांकडे तिला मी धरूनच नेलं, तोंडाला पट्टी बांधून. तेवढी जबरदस्ती टळत नाही. पण ती गरजेपुरती, थोडक्यात, आणि तिला प्रेमाचं नाव न देता करायची. गरजेची जबरदस्ती आणि माझ्या हौसेची जबरदस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पलंगाखाली मी गेलो होतो तो हौसेसाठी.

दुसरी शंका जास्त अवघड आहे. आमच्या मजल्यावर एक पाच-सहा वर्षांची मुलगी आहे. तिला कुत्र्यांची भयंकर भीती. भुरीला जिन्यात बघितलं की ती किंचाळून आईला बिलगायची, आणि त्या किंकाळीने भुरी थरथरायला लागायची. दोन घाबरलेले जीव, एक जिना. कुणाच्या अभयाची काळजी घ्यायची? गेलं वर्षभर भटक्या कुत्र्यांवरून सुप्रीम कोर्टापासून सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत हाच वाद चाललाय, आणि दोन्ही बाजू दुसऱ्याच्या भीतीला नाटक म्हणतात. बाराव्या अध्यायात भगवंत आपला आवडता भक्त कोण ते सांगतात: ज्याच्यापासून लोकांना त्रास होत नाही आणि लोकांपासून ज्याला त्रास होत नाही. दोन्ही बाजू एकाच श्लोकात आहेत. एकाला अभय देताना दुसऱ्याचं काढून घेतलं तर ते अभयदान नाही, नुसती भीतीची बदली आहे.

मी त्या मुलीच्या आईला जाऊन भेटलो. "ताई, आम्ही कधी खाली उतरतो ते तुम्हाला आधी सांगत जाईन. पट्टा कायम असेल, लस पूर्ण आहे, कागद बघा." त्यांनी कागद खरंच बघितले, आणि बघायलाच हवेत. मुलीला "काय घाबरतेस, काही करत नाही ती" असं मी एकदाही म्हटलं नाही. भुरीला जे दिलं, तेच तिलाही द्यायचं होतं: नाही म्हणायची मोकळीक. आता ती आईचा हात धरून दाराच्या आतून भुरीला बघते. पुढे आलीच तर तिच्या इच्छेने येईल. नाही आली तरी चालेल.

दिवाळीत फटाक्यांनी भुरी पुन्हा पहिल्या दिवसावर गेली. खिडक्या लावल्या, पडदे ओढले, पंखा मोठा केला, तिच्यासाठी बाथरूममध्ये गोधडी टाकली. लोक म्हणतात, अशा वेळी जवळ घेऊ नका, भित्री होईल. तसं नसतं. भीती ही काही खोड नाही, की कुरवाळल्याने वाढेल. ती आपणहून आली तर जवळ घ्यायचं. त्या रात्री ती पहिल्यांदा माझ्याकडे आली. मी हललो नाही. पाय बधिर झाले, तरी हललो नाही.

तो का हात पुढे करत नाही?

कार्तिकी एकादशीला देवघरातल्या विठोबाकडे बघत बसलो होतो. आणि मला एकदम दिसलं, की याचे हात कमरेवर आहेत. बाकी देवांचे हात उगारलेले, शस्त्र धरलेले, आशीर्वाद देणारे. हा मात्र पुंडलिकाने टाकलेल्या विटेवर उभा आहे, युगानुयुगं, हात स्वतःजवळ ठेवून. लहानपणी वाटायचं, देव रुसलाय का? आता वाटतं, त्याला ठाऊक आहे. आपण सगळे कुठल्या ना कुठल्या पलंगाखाली बसलेलो आहोत. कुणाला घरात मार बसलाय, कुणाला शाळेत, कुणाला प्रेमात. देवाच्या नावाने घाबरवलं गेलेलेही आपल्यात कमी नाहीत. अशांच्या समोर हात पुढे केला तर ते आणखी भिंतीला चिकटतील. म्हणून तो धावून येऊन ओढत नाही. बघतो, थांबतो, आणि वाट मोकळी ठेवतो. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता, "थांब" म्हणाला, तर देव थांबला. भक्ताचं नाही ऐकून घेणारा देव! त्याच्या दारात लोक नाचत का जातात, हे त्यात आलं.

मला अजूनही पूर्ण उत्तर सापडलंय असं नाही. भुरीला आजही छत्री उघडलेली चालत नाही. साखळीचा आवाज आला की ती गोठते. काही जखमा आपल्या आयुष्यात भरत नसतील, आणि "मी हिला बरं केलं" असं म्हणायचा हक्क मला नाही. ती जेवढी बरी झाली, ती तिच्या पायांनी चालून झाली. मी फक्त वाटेतून बाजूला झालो.

परवाची गोष्ट सांगून थांबतो. ऑफिसातून दमून आलो, चपला काढल्या, जमिनीवर बसून हाक मारली, "भुरी, ये." ती खिडकीपाशी उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात पडली होती. डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं, शेपूट एकदा जमिनीवर आपटली, आणि पुन्हा डोळा मिटला. आली नाही. पळालीही नाही. तिला नुसतं यायचं नव्हतं. आई आतून हसली, "नाही म्हणतेय तुला."

वर्षभरात इतका आनंद मला कशानेच झाला नव्हता.

आजचा संकल्प: आपल्याला घाबरणारं कुणीतरी एक माणूस किंवा प्राणी आठवूया. घरातलं लहान मूल, हाताखाली काम करणारं कुणी, इमारतीखालचं एखादं कुत्रं. आज त्यांच्यासाठी काही करायला जाऊ नका. फक्त नजर खाली, आवाज हळू, हात स्वतःजवळ. आणि त्यांनी नाही म्हटलं, तर ते ऐकायचं.

पांडुरंगा, माझ्यापासून कुणाला भय नसो. आणि तुझ्याकडे मी माझ्या पायांनी येईन, तोवर तू आहेस तिथेच थांब.

राम कृष्ण हरी!